ओट्याखालचा चार हात कोपरा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा फरशी बसवण्याचा, डोके ठिकाणावर आणि गुडघे कामातून गेलेले, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवत आहे. लिहिताना थोरल्या मुलाने दोनदा चहा आणून दिला, त्याला कोणी दडपण समजू नये.

कलम एक. नव्या वसाहतीतला फ्लॅट थोरल्या मुलाला. बँकेतली शिल्लक त्याला आणि धाकट्या लेकीला निम्मी निम्मी.

कलम दोन, हत्यारे. भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा माझ्या मेहुण्याला द्यावा. तो नळाची कामे करतो. त्याने बसवलेला पाइप माझ्या स्वयंपाकघरात गळला, तेव्हा फरशी खचल्यामुळेच फुटला म्हणून गावभर सांगत सुटला. निदान एक वस्तू तरी त्याच्या घरात सरळ असू दे. लहान थापी मी वस्तुसंग्रहालयातल्या खोदकामवाल्या बाईंना (कलम तीन पाहावे) हयातीतच देऊन टाकली आहे, त्यामुळे त्या साक्षीदार होऊ शकतात.

कलम तीन. गावच्या जमीनदारांच्या थोरल्या घराचे तुकडे करून विकले, तेव्हा मागची बाजू, म्हणजे स्वयंपाकघर, दोन खोल्या आणि अंगण, मी घेतली. एकतीस वर्षांपूर्वी तिथली जमीन खोदताना काळी माती आणि काचेसारखे चकाकणारे जड गोळे निघाले. मला वाटले, जुन्या बंबाची राख. दगडासारखा माल, खचणार नाही, म्हणून अंगणात आणि शेजारच्या तीन घरांत मी तो भराव म्हणून ठोकून बसवला. वर स्वतःची पाठ थोपटून घेतली.

यंदा ती गळती शोधायला ओट्याखालची फरशी उचलली, तर पुन्हा तेच गोळे आणि भाजक्या मातीची एक नळी. वस्तुसंग्रहालयात नेऊन दाखवली. तिथल्या खोदकामवाल्या बाई दुसऱ्याच दिवशी आल्या. हे घर बांधण्याच्या कितीतरी आधी, सुमारे आठशे वर्षांपूर्वी, इथे लोखंड घडवत होते. गोळे म्हणजे लोखंडाची मळी आणि नळी भात्याची, असे त्यांनी समजावले. मग म्हणाल्या, बाकी सगळे तुम्ही उपसलेत, हा कोपरा तेवढा कसा काय वाचला?

आता कबुली देतो. तो चार हात कोपरा मी खोदलाच नव्हता. पाठ भरून आली होती. ओट्याखाली कोण बघतो, म्हणून जुन्या मातीवरच फरशी टाकून मोकळा झालो. जन्मभर दुसऱ्यांच्या फरश्या ठोकून पोकळ जागा शोधल्या, ही एक जागा कधी ठोकली नाही.

आणि याच ओट्याशी उभा राहून अकरा वर्षांपूर्वी मी माझ्या याच धाकट्या लेकीला घराबाहेर काढले. ती शेवटच्या वर्षात कॉलेज सोडून वेल्डिंग शिकायला निघाली होती. "अर्धवट सोडणाऱ्यांना माझ्या घरात जागा नाही," असे मी म्हणालो. ती गेली, तिने लोखंडी फाटके बनवण्याचे स्वतःचे वर्कशॉप काढले, पण इथे पुन्हा पाऊल ठेवले नाही. मीही बोलावले नाही. चूक माझी होती, आणि ती मला पहिल्याच आठवड्यात कळली होती.

बाईंनी मातीवरून लोहचुंबक फिरवला तेव्हा त्याला बारीक काळ्या खपल्या चिकटल्या. त्यांतल्या चिमूटभर मी औषधाच्या बाटलीत घालून लेकीला पाठवल्या. पत्र लिहायला तोंड नव्हते. चौथ्या दिवशी तिचा फोन आला.

"बाबा, तापलेलं लोखंड ठोकताना उडते ती खपली आहे ही. मी रोज झाडते. जिथे जास्त सापडेल, तिथे ऐरण होती." मग म्हणाली, "येऊ का बघायला?"

आली. बाईंबरोबर गुडघ्यांवर बसून तिने मातीचा इंचन् इंच तपासला. खपल्यांचे कडे उमटले, मधे हातभर जागा कोरी. ऐरणीचा ठोकळा तिथे होता. लोहार कुठे उभा राहत असेल, तेही तिने पाय रोवून दाखवले. या कामात पोरीचा हात धरणारे कोणी नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले. मग मी तिला कोपऱ्याचे खरे सांगितले आणि माफी मागितली. ती पोट धरून हसली, नंतर डोळे पुसत बसली. तीच माफी इथे लेखी मागतो.

सबब, कलम चार. ही मागची बाजू संपूर्ण माझ्या लेकीला. थोरल्याचा इथे भाडेकरू ठेवायचा बेत होता, पण कोपरा बघून तोच म्हणाला की हे तिचेच आहे. अट एकच: कोपरा बुजवू नये, वर जाड काच टाकावी आणि बाईंना कधीही येऊ द्यावे. अंगणात तिने खुशाल भट्टी लावावी. शेजाऱ्यांना आपल्या फरश्या उखडून बघायच्या असतील तर बघाव्यात. माझी हमी संपली.

साक्षीदार: खोदकामवाल्या बाई, शेजारचे शिंपीकाका, ज्यांच्या न्हाणीखाली माझा भराव आहे.
स्थळ: स्वयंपाकघर, उघड्या कोपऱ्याशेजारी.
दिनांक: चार नोव्हेंबर.

शेरा, माझ्याच हातचा: खालची सही मधेच वाकडी झाली आहे, तरी ती माझीच समजावी. चष्मा पुसायला मी निम्म्यावर पेन खाली ठेवले होते. लेकीला मिळकत मिळणार, म्हणून तिला साक्षीदार होता येत नाही. ती ओट्यावर पाय सोडून नुसती बघत बसली होती. तिथूनच म्हणाली, "बाबा, पुरी करा सही. अर्धवट सोडणाऱ्यांना या घरात जागा नाही."

पुरी केली.