थंड कपाळं

सोमवार, ३ तारीख
कामाला ठेवलं म्हणजे काय विकत घेतलं? ट्रंक मीच उचलली, तीन जिने मीच चढले, आणि दम घेते तोच मोठ्या बाई म्हणतात, उशीर झाला. मोठ्या बाई म्हणजे या शाळेच्या मुख्याध्यापिका, मी इथली नवी आया. पण खोली झकास आहे. खिडकी, पंखा, दोन खाटा, एक माझी, एक नातीची. तिला तिसरीत घेतलंय, राहणं-खाणं धरून. पोरीला माझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून बोलणी गिळली. ही वही पोरांचा ताप लिहायला दिलीय, दर शनिवारी बाई तपासणार. चौथी शिकलेय मी. उरल्या जागेत माझंही लिहीन, वाचू दे.

मंगळवार, ४
गावभर साथ. बाकी शाळांना कुलपं, आमची चालू, त्याचा बाईंना कोण तोरा. पोरं इथंच राहतात, फाटक बंद. रोज दहाला आरोग्य खात्याचा माणूस येऊन ताप बघायचं यंत्र कपाळासमोर धरतो. तीन तापलेली सापडली की शाळा बंद. म्हणून नऊला मी पोरं रांगेत घ्यायची आणि गरम कपाळांवर बर्फाच्या पाण्याचं फडकं दाबायचं. मी म्हटलं, आजारी पोर घरी धाडा की. बाई म्हणाल्या, तुम्ही दोघीही जाऊ शकता, घर आहे का? जिभेला हाड नाही बाईच्या. दाबलं फडकं. अकरा पोरं. यंत्राला पत्ता नाही.

शुक्रवार, ७
हात बसला माझा. बाईंनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, शिकलेल्यांना जमलं नाही ते या अडाणी बाईला जमलं म्हणे. कौतुक की चपराक, देव जाणे. पाचवीतला जाड्या काल नुसता भट्टी झाला होता. आज फडकं नेलं तर कपाळ आधीच गार. हजेरीला ‘हजर’ म्हणाला. वाटलं, सुटला बिचारा.

सोमवार, १०
गार पोरं सात. खोकत नाहीत. जेवत नाहीत. स्वयंपाकीण म्हणते, बरंय, भांडी कमी. जाड्याची नाडी बघितली. आईचं, नवऱ्याचं मनगट शेवटपर्यंत धरून बसलेली बाई आहे मी, मला कळतं. बाईंना सांगितलं. हजेरीला ओ देतो ना, म्हणाल्या, मग हजर. लिहा, ताप नाही.
लिहिलं.

बुधवार, १२
नात फणफणलीय. फाटकाची किल्ली मागितली, पाय धरले. बाई म्हणाल्या, लोकांच्या पोरांना आठ दिवस फडकं दाबलंत, तेव्हा नाही हात कापला, तुमचीच तेवढी सोन्याची का? दहाला तो माणूस समोर होता. एक शब्द बोलले असते तर— नाही बोलले. नोकरी, खोली— दाबलं. मीच.

गुरुवार
गार आहे. पदराखाली घेऊन बसले, ऊब धरत नाही. आजी म्हणत नाही. काही विचारलं की एकच— हजर.

शुक्रवार
बाईंनी दारावर फळा लावला. ताप शून्य. हजेरी पूर्ण. पोरं पापणी हलवत नाहीत— माझीही—

शनिवार
मोठ्या बाई, आज वही तुमच्याकडे येणार, म्हणून इथंच विचारते. माझी नात जिवंत आहे का नाही? असेल तर डॉक्टर आणा. नसेल तर तिचं नाव पुकारणं थांबवा, मला तिला निजवू द्या. कालपासून माझं अंग तापलंय— कोणाला बोलले नाही— तरी पोरं दाराशी आलीत. उभीच आहेत, हातात ओली फडकी. माझी पुढं. कडी लावलीय— तोंडी नको, लिहून पाहिजे, सोमवारी, दहाच्या आत, नाहीतर मी त्या माणसाला सगळं