बाहेरच्या खोलीतला पंखा

गिरगाव, मुंबई
माघ वद्य पंचमी

तीर्थरूप आक्कास, धाकट्या रघूचा साष्टांग नमस्कार. (सत्तरी उलटली तरी तुझ्यापुढे धाकटाच.)

तुझे गुडघे कसे आहेत? देवरूखला मळभ येतंय असं पेपरात वाचलं. मोहोर टिकला का? फोनवर तुला ऐकू येत नाही आणि इथे दोन खोल्यांत मला मोकळं बोलता येत नाही, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

इकडच्या हवेचं काय सांगू! पहाटे हुडहुडी भरते (मुंबईकराला भरते तेवढी, तू हसशील), दुपारी अंगाची लाही लाही, संध्याकाळी पुन्हा गार वारा. दुधाला जाताना चढवलेला स्वेटर येताना खांद्यावर असतो. अशा हवेत आपल्या घरचा नियम काय? होळी पेटल्याशिवाय पंखा लावायचा नाही. (नियम आईचा की तुझा? तुझाच असेल.) पण तुझ्या भावजयीला संक्रांत सरली की उकडतं. आनंदीने पंखा लावायचा, मी उठून बंद करायचा, तिने पुन्हा लावायचा. शेवटी मी शहाणपणा केला. दोन्ही पंख्यांच्या रेग्युलेटरची बटणं उपटून स्वेटरच्या खिशात टाकली.

आणि नेमकं दुसऱ्या दिवशी आमच्याकडे रथसप्तमीचं हळदीकुंकू! मला आठवणच नव्हती. (आनंदी म्हणते, आठवडाभर सांगत होते.) बाहेरच्या खोलीची भट्टी झालेली, दहा-बारा बायका घामाघूम, शेजारच्या जाईबाई वाणात मिळालेल्या ताटलीने वारा घेताहेत. स्वेटर तोवर बटणांसकट लाँड्रीत गेलेला. मग मीच पकड घेऊन पुढे झालो. रेग्युलेटरची दांडी फिरवली ती एकदम पाचावर. आणि बरोबर पंख्याखाली हळदीकुंकवाचं तबक. आक्का, पुढचं सांगवत नाही. जाईबाईंची हिरवी साडी पिवळी झाली आणि मी जेजुरीहून आल्यासारखा दिसायला लागलो. बायका हसत हसत गेल्या. आनंदी हसली नाही. 'तुमची थंडी तुम्हालाच लखलाभ,' एवढंच म्हणाली आणि आपली गादी उचलून बाहेरच्या खोलीत पंख्याखाली निजायला गेली.

तेव्हापासून आतल्या खोलीत मी एकटा. पंखा बंद, खिडकी बंद, गोधडी सगळी माझी. जिंकलो म्हणायचं. पण झोप येत नाही गं. निजण्याआधी दिवसभराचं सगळं तिच्या कानावर घालायची सवय. आता ते नुसतं मनात साठून राहतं. माफी मागायला दोनदा बाहेर गेलो आणि गॅस बंद आहे का ते बघून परत आलो.

असो. तू थोडे दिवस इकडे ये. हवापालट होईल, गुडघेही दाखवू.

तुझा,
रघू

ता. क. : हवापालट हे निमित्त. तू आलीस की बाहेरची खोली तुला द्यावी लागेल, मग हिला आत यावंच लागेल. खुशाल पंखा लावू दे. मी माकडटोपी घालीन.

आणखी एक ता. क. : वन्सं, नमस्कार करते. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. झोप येत नाही म्हणे! पाठ टेकली की घोरायला लागतात. सध्या खोकलाही आहे, एकटं ठेववत नाही. म्हणून ह्यांचा डोळा लागला की मी आत येऊन शेजारी निजते आणि पहाटे ह्यांच्या आधी उठते. ह्यांना पत्ता नाही. तुम्ही अवश्य या, पण लगेच नको. ह्यांना जे बोलायचंय ते आधी मला ऐकायचंय.