एकटी खुर्ची

ती. दादा यास,

तुझ्या टाचणीचा नमस्कार, आणि तो वाकून केलेला आहे असंच समज, कारण सध्या माझी कंबर वाकत नाही. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं चालू आहे, की खिडकीत बसून चालणाऱ्यांना नावं ठेवणं चालू आहे? वेळेवर जेवतोस ना? (उभ्याउभ्या पाव खाल्ला म्हणजे जेवण होत नाही. वहिनी गेल्यापासून तुझ्या स्वयंपाकघरात काय चालतं ते मला इथे बसून दिसतं.) मी ठीक आहे, शिवणाचं दुकानही ठीक आहे. ह्यांचं मात्र सांगायचंय, म्हणून पत्र लांबणार. चहा करून घे आणि मग वाच.

ह्यांचा डावा कान केव्हाच गेला, ते तुला ठाऊक आहे. आता उजवाही त्याच वाटेला लागलाय. कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जे ऐकायचं असेल ते या वर्षात ऐकून घ्या. घरी आल्याआल्या मी विचारलं, काय ऐकावंसं वाटतं? (मला वाटलं, माझा आवाज म्हणतील. आशा वेडी असते.) तर ह्यांनी त्या गायिकेचं नाव घेतलं. हो, तीच. जिच्या वरच्या सुरावरून तुम्ही दोघे शहाणे भर रस्त्यात भांडलात, तू म्हणालास घसरला, हे म्हणाले नाही घसरला, आणि तेव्हापासून एकमेकांचं तोंड पाहिलं नाहीत. तो विषय मी इथे काढत नाही. एवढंच सांगते, की ती बाई पुढच्या महिन्यात इथल्या सभागृहात गाणार आहे आणि ह्यांना मी तिथे नेणार म्हणजे नेणार.

आधी सरळ सभागृहाच्या खिडकीवर गेले. खिडकीत काच, काचेमागे माणूस, आणि त्या माणसाला पगार कशाचा, तर इथे तिकिटं मिळत नाहीत हे सांगण्याचा. तिकिटं फक्त संगणकावर, म्हणाला. बरं बाबा. घरी येऊन भाचीने दिलेला जुना संगणक कापड बेतायच्या टेबलावर मांडला. तो म्हणाला, तुम्ही रांगेत आहात, हे पान बंद करू नका. दुकानात गिऱ्हाईक. एक डोळा रांगेवर आणि एक डोळा टेपवर ठेवून मी एका वकिलाची कंबर मोजली. (त्याची विजार आता त्याच्या मोठ्या भावाला होईल.) रांग सरली तशी पुढची परीक्षा. तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, पायऱ्या असलेली चित्रं निवडा. आता शिडीला पायऱ्या म्हणायचं की नाही? मी म्हटलं. यंत्राला ते पटलं नाही. त्याने मला माणसांतून काढून टाकलं, आणि हे मागून म्हणाले, मला फार दिवसांपासून संशय होताच.

शेवटी एकदाचा खुर्च्यांचा नकाशा उघडला. आपल्याला बसायचं सभागृहाच्या डाव्या अंगाला, म्हणजे ह्यांचा उजवा कान गाण्याकडे राहील. तिथे एका ओळीत शेजारीशेजारी तीन खुर्च्या मोकळ्या. मी कडेच्या दोन धरल्या. यंत्र म्हणालं, तुमच्या निवडीमुळे एक खुर्ची एकटी राहते, निवड बदला. दुसऱ्या कडेच्या दोन धरल्या. तरी एक एकटी राहतेच. अरे, तीनातून दोन काढले की एक उरणारच, हे त्याला कुठल्या शाळेत शिकवलं नाही? (तसं पाहिलं तर मीही उरलेला हातभर तुकडा गिऱ्हाईकाच्या गळ्यात मारतेच. पण मी निदान पिशवी शिवून घ्या असं तरी सुचवते.) मी वाद घालत बसले तोवर वेळ संपली आणि मी पुन्हा रांगेच्या शेपटाला.

मग मदतनीस म्हणून एक चौकोन उघडला. तो फार गोड. तुमची अडचण आम्ही समजू शकतो, म्हणाला. मग विचारलं, अडचण सुटली का? मी 'नाही' दाबलं, की तो पुन्हा पहिल्यापासून नमस्कार करी. असा नम्र माणूस मी लग्न जमवायच्या दिवसांतही पाहिला नव्हता.

मी हार मानीन होय? फोन लावला. तिकडून संगीत सुरू झालं. माझ्या हातात कात्री, म्हणून फोन ह्यांच्या उजव्या कानाला लावून दिला आणि बजावलं, कुणी बोललं की मला हाक मारा. हे डोळे मिटून ऐकत बसले. बासरी जरा उतरलेली आहे, असं म्हणालेसुद्धा. आणि दादा, जेव्हा संगीत थांबून जिवंत बाईचा आवाज आला, तेव्हा ह्यांनी 'छान' म्हणून फोन ठेवून दिला. त्यांना वाटलं, कार्यक्रम संपला. मी कात्री खाली ठेवली, पाणी प्यायले, आणि पुन्हा फोन लावला. या वेळी माझ्याच कानाला. हात अवघडला, इस्त्री गार झाली, पण मी हलले नाही. अखेर ती मुलगी बोलली, मी तिला सगळं पहिल्यापासून ऐकवलं, आणि यंत्राच्या नियमापुढे मान तुकवून तीन तिकिटं घेतली. आता ह्यांना गाणं ऐकायला मिळणार. नियम म्हणजे नियम, त्यात माझा काय दोष?

तब्येतीला जप. गुडघ्याला शेक दे.

तुझी,
टाचणी

ता. क. तिसरी खुर्ची वाया घालवणं माझ्या धंद्यात बसत नाही. तिकीट पाकिटात घातलंय. गुडघ्याची सबब चालणार नाही, ओळीच्या कडेचीच खुर्ची आहे, पाय लांब करता येतो. तो सूर घसरतो की नाही याचा निकाल या वेळी तरी लावून टाका. लवकर लावा, एका पंचाचे कान फार दिवस पुरणार नाहीत.

ता. क. २. तुझ्याशी खोटं बोलून मला झोप येत नाही, म्हणून सांगते. त्या मुलीने माझी हकीकत ऐकून स्वतःहून विचारलं होतं, मी नियम बाजूला ठेवून तुम्हाला दोनच देऊ का? मी म्हटलं, नको बाई, तीनच दे. एकटी खुर्ची ठेवायची नाही हे तुमचं यंत्र आजवर एकच शहाणपणाचं बोललंय. ह्यांना यातलं काही ठाऊक नाही, तेव्हा तू अचानक आल्यासारखा ये.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होते, तर हे वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "त्याला माझ्या उजवीकडे बसव. डावीकडून बोलला तर मला ऐकू येणार नाही." म्हणजे मी डावीकडे. ये.