सूर्यभानचा वस्ताद मीच

पौष शुद्ध ३, शके १७८५. अमरावती.
आजपासून रोज लिहिणार. माझा भाचा सूर्यभान बाजारात कापसाच्या गाठींवरून हरणासारखा उड्या मारत पळतो. त्याला मी तयार करणार. यंदा कापसाला असा भाव आहे की बैलांच्या शर्यतीवर, म्हणजे पटावर, पैजा लावून लोकांची हौस फिटत नाही; आता पटावर गाठी मांडून त्यांवरून माणसे पळायला लावतात. जिंकणाऱ्याच्या वस्तादाला भर मैदानात फेटा बांधतात. तो फेटा मला पाहिजे. आजवर मला कोणी कशासाठीही पुढे बोलावलेले नाही.

पौष शुद्ध ५.
पहाटे उठणार होतो. थंडी फार. ऊन आल्यावर सूर्यभानला सांगितले, उडीच्या वेळी डोळे मीट, म्हणजे भीती वाटत नाही. गुडघे फुटले. डोळे मन लावून मिटले नसतील. माझी बायको मैनाबाई म्हणाली, "सोता ओटा उतरतानी भिंत धरता, अन् पोराले डोळे मिटाले सांगून राहिले!" बायकांना शास्त्र कळत नाही.

पौष वद्य १.
पोट बिघडले. पटावर गेलो नाही. सूर्यभान पहिला आला. माझी शिकवण भिनली. कापसाचे दलाल नत्थुजी यांनी त्याला पगारावर ठेवले. आता उड्या मारणे हाच त्याचा धंदा. वस्ताद कोण, असे त्यांनी विचारले तेव्हा तो "कोनी नाही" म्हणाला. बरोबरच आहे. बायको नवऱ्याचे नाव घेत नाही, तसा चांगला शिष्य गुरूचे घेत नाही. तरी जेवण गेले नाही.

माघ शुद्ध ८. अकोल्याच्या वाटेवर.
नत्थुजींच्या गाडीत पुढे सूर्यभान, मागे कडब्यावर मी. वाटभर त्याला सूचना केल्या. बोरगावला तो म्हणाला, "मामा, तुमी पायी या ना." माझ्या तब्येतीची काळजी! उतरलो. गाडी पुढे थांबेल असे वाटले होते.

माघ शुद्ध १०. अकोला.
मैदानात गाठी मांडल्या होत्या. नत्थुजींनी सगळ्या उचलायला लावल्या. म्हणाले, "पाय लागून गाठ फाटली त कोन भरून देईन? मानसं वाकवा." हमाल ओळीने वाकले. एक कमी पडला. सूर्यभान म्हणाला, "आमचे मामा रिकामेच हायेत." मला सगळ्यात शेवटी ठेवले. शेवटची उडी अवघड, तिथे जाणताच पाहिजे. वाकल्या वाकल्या सूचना देत होतो. "मामा, मुंडकं खाली!" तो ओरडला. टाच कमरेत बसली. मी तोंडावर पडलो. लोक पोट धरून हसले. सूर्यभान जिंकला. वस्तादाचा फेटा नत्थुजींच्या डोक्यावर गेला. सूर्यभानने आपल्या हाताने बांधला.

माघ वद्य २. अमरावती.
कंबर धरली आहे. नत्थुजींचा निरोप आला, पुढच्या पटाला बुढ्यालाही आणा, लोकांना फार आवडला. मैनाबाईला सांगितले, मलाही कामावर ठेवले. "काय म्हून?" तिने विचारले. मी भिंतीकडे तोंड केले. संध्याकाळी सूर्यभान तेलाची वाटी घेऊन आला. माझे डोळे भरले. म्हणाला, "मामा, लवकर बरे व्हा. पाठ जराशी अजून खाली गेली पायजे."

माघ वद्य ३.
सकाळपासून सराव केला. पाठ खाली जाते. वर येत नाही.