पडदा ओढतात, दार लावतात

१२ मार्च, गुरुवार. सिंगापूर

आणि वर दादाच म्हणतो, बोटीवर गेल्यापासून तू लई शेफारला. यात शेफारायला काय झालं? खोली माझ्या पैशाची. बायको माझी. दिवाळीपासून माहेरी देवळालीला जाऊन बसलीय तीही माझीच. मी एवढंच म्हणालो, आमच्या त्या एका खोलीला दार बसव. पुढचं राहू दे, आतल्या खोलीला बसव. तर सकाळी सकाळी फोनवर भडकला. "शिंगणापुरात दार? सात पिढ्या बिनदाराच्या झोपल्या, कुनाचं काय गेलं?"

"माझी बायको गेली, दादा."

फोन कट.

असो. आज बोट धक्क्याला लागली. क्रूझ संपली, पासिंजर उतरले, बोट चालली दुरुस्तीला. आम्हा लॉन्ड्रीवाल्यांना तीन दिवस हॉटेल, रविवारी विमानानं दुबई, तिथं दुसरी बोट. अजून चार महिने. पण मधले तीन दिवस मोकळे!! सहा महिन्यांत पहिल्यांदा एवढी जमीन पायाखाली. पाय अजून डुलतात.

खोलीत सोबतीला सावंत. मालवणचा, पन्नाशीचा, बोटीवरही एकाच केबिनमध्ये. दुपारी जेवून आडवे झालो. झोप येईना. बोटीवर केबिनचं दार आपोआप बंद व्हायचं, तिथंही सहा महिने असाच तळमळलो. इथं काढली चप्पल आणि दिली फटीत. काय डोळा लागला म्हणता!

तीनला दंगा. सिक्युरिटीवाला उभा, सावंत टॉवेलवर. "मेल्या, माझे डॉलर हंय बॅगेत, आणि तू दार उघडा टाकून घोरतंस?"

म्हणालो, "आमच्यात लावत न्हाईत."

"मगे तुझ्या बायलेन काय चुकीचा सांगल्यान?"

सावंतला बोलायला काय जातंय. पण डोक्यात राहिलं. मला बंद दाराआड झोप नाही, तिला उघड्यात नाही. लग्नानंतर तीन महिने आम्ही घरात एकत्र होतो, मग मी बोटीवर आलो. त्या तीन महिन्यांत मी कधीही डोळे उघडले तरी ती जागीच. मला वाटायचं, लवकर उठते.

संध्याकाळी बाहेर पडलो. बिनड्रायव्हरची रेल्वे! पुढच्या काचेला नाक लावून उभा राहिलो, बोगदा अंगावर येतो. शेवटच्या स्टेशनापर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो. सावंत म्हणाला, "रे, खंय उतरायचा हा की न्हय?"

१३ मार्च, शुक्रवार

आज नुसता भटकलो. सावंतचे गुडघे दुखतात, तो बाकावर बसून राहतो आणि माझे फोटो काढतो, सगळ्यांत माझं डोकं कापलेलं.

तोंड सिंहाचं, अंग माशाचं, असा पांढरा पुतळा. तोंडातून धबाधबा पाणी. समोर तीन उंच बिल्डिंगा आणि तिन्हींच्या डोक्यावर मिळून एक बोट ठेवलेली! मी म्हणालो, सावंत, इथं बोट वर चढवून ठेवलीय, हिची लॉन्ड्री कुठं असंल? तो इतका हसला की नारळपाणी नाकातून आलं.

लोखंडाची झाडं पाहिली, वीस-वीस माणूस उंच. काचेच्या घरात एक डोंगर, त्याला थंडगार ढग सोडलेले. आत शिरताच अंगावर काटा. इकडे बाहेर घाम, तिकडे आत महाबळेश्वर. (महाबळेश्वर पाहिलेलं नाही. सारिकाला दाखवायचं कबूल केलं होतं.)

तिला फोटो टाकले अठरा. निळी टिक आली. उत्तर, "तुमचं डोकं कुठंय?"

चार महिन्यांत पहिल्यांदा चेष्टा केली तिनं!! रस्त्यात उभा राहून पाच वेळा वाचलं.

आठवीत शाळा सोडली त्याचं आज वाईट वाटलं. प्रत्येक झाडाखाली इंग्रजी पाटी, आणि मला नुसते आकडे कळतात.

१४ मार्च, शनिवार

मिळाली वस्तू! मिळाली!!

आज खरेदी. लिटल इंडियात एक दुकान, आत सहा मजले, सुईपासून सोन्यापर्यंत. आईला विजेरी, आबांना बाम, पुतण्यांना चॉकलेट. सा.ला अत्तर घ्यावं म्हणून जिना चुकलो आणि पडद्यांत घुसलो. तिथं एक जाड पडदा टांगलेला, मधोमध दोन भाग, कडांना लोहचुंबक. एक बाई आत गेली, मागं आपोआप टक्! मिटला. आरपार काही दिसत नाही. हात लावला, उघडला. सोडला, टक्. मी दहा-बारा वेळा तरी आतबाहेर केलं. तमिळ सेल्समन बघतच राहिला.

मोडकं हिंदी येत होतं त्याला. म्हणाला, "अच्छा डोअर है, साब."

मी म्हणालो, "डोअर नहीं बोलना! पडदा बोलो."

"जो बोलो साब, चालीस डॉलर."

घेतला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'डोअर कर्टन'. सावंतकडून अक्षरं वाचून घेतली आणि मार्करनं पहिला शब्द काळा केला. आता नुसता कर्टन.

लगेच दुकानाच्या पायरीवरून दादाला व्हिडिओ कॉल. शनिवार म्हणजे त्याच्या तेला-हारांच्या दुकानावर ही गर्दी. फोन आबांनी घेतला, नुसते कान दिसत होते त्यांचे. मग दादा आला. सावंतला खांब करून, त्याच्या दोन हातांत पडदा देऊन, मी दाखवला. टक्.

दादा बघत राहिला. वाटलं, पटलं. मग म्हणाला, "परत लाव."

लावला. टक्.

"काय केलं तू आता?"

"लावला."

"बघा आबा, सोता म्हनतोय लावला! अरं, पडदा वढत्यात, दार लावत्यात. हे लागतंय. लागतंय ते दार."

"ओढला म्हणतो मग!"

"आता म्हनून काय उपेग? तोंडातून गेलं." मागं गिऱ्हाईक ओरडत होतं, तेल द्या, तेल द्या. दादाचा आवाज खाली आला. "बाळू, मला हौस न्हाई रं. उद्या कुनी इचारलं, तुमच्याच घरात हे काय, तर दुकानावर बसून मी काय तोंड दावू? आन देवाचं कायी झालं, तर तुला न्हाई, मलाच वाटंल."

हे त्यानं याआधी असं सांगितलं नव्हतं. ओरडायचा नुसता. मलाही देवाची भीती आहेच की. बोटीत लाटा उठल्या की मीही त्याचंच नाव घेतो.

मग आबा मधेच, कानातूनच, "पोरीला दावला का पडदा?"

"न्हाई आबा."

"मग आमाला काय दावतो?"

सावंतचे हात दुखले, पडदा खाली पडला.

संध्याकाळ. सा.ला कॉल केला. पडदा पलंगाच्या कठड्याला बांधून दाखवला. हसली. चांगलाय म्हणाली. मग म्हणाली,

"अहो, चोराची भीती नव्हतीच मला. तुमच्या गावात चोर न्हाई, खरंय. पन आबा पानी प्यायला उठले की मी पदर सावरून बसायची. पोरं खेळत आत, दादा चार्जर न्यायला आत. कुनी वाईट न्हाई वो. पन मी झोपायची कधी?"

म्हणालो, "म्हणूनच पडदा."

"पडद्याचं तुमी तुमच्या भावाला इचारलं, आबांना इचारलं, त्या सावंतांना इचारलं. मला आज."

मग तिनं एका दमात सांगून टाकलं. सोनईला तिची मैत्रीण शिवणक्लास चालवते, शेजारी एक खोली रिकामी आहे. शिंगणापूर हाकेवर, सणासुदीला सासरी जाईल, आईंना बघून येईल. ब्लाऊजची कामं तिथं भरपूर. "दाराला दोन कड्या हायेत. वरची, खालची. मी लावून बघितल्या."

"आत बसून?"

"आत बसून. आन तिथंच जमिनीवर डोळा लागला माझा. घरमालकीन दार वाजवती, मला ऐकूच न्हाई!"

असं खुशीत बोलताना तिला ऐकून किती महिने झाले. मीही हसलो. मग कळलं काय ते. वेगळं राहणं. आमच्या घरात आजवर कुणी चूल वेगळी मांडलेली नाही. आई जेवण सोडेल. दादा माझ्याशी बोलेल की नाही, देव जाणे.

"दहा हजार डिपॉझिट, अडीच हजार भाडं," ती म्हणाली. "न्हाई म्हनलात तरी चालंल. पन न्हाई म्हना. इचारून सांगतो म्हनू नका."

१५ मार्च, रविवार. विमानतळ

विमानतळाच्या आत धबधबा! छतातून! चाळीस मिनिटं मान वर करून बघितला, सावंतनं मला ओढून नेलं. आज तरी माझ्या डोक्यासकट एक फोटो आलाय. बॅग दोन किलो जादा भरली, बाम आणि विजेरी कोटाच्या खिशात.

यायच्या आधी पैसे पाठवायच्या काउंटरवर गेल्तो. दर महिन्याला सगळे पंचवीस हजार दादाच्या खात्यावर, बोटीवर चढल्यापासून. फॉर्मवर नाव लिहायचा रकाना, हात आपोआप दादाचं नाव लिहायला लागला. अर्ध्यात थांबलो. मागं रांग. सावंत म्हणाला, "फोन करून इचार एकदा घराकडे."

म्हणालो, नको.

फॉर्म फाडला, दोन नवे घेतले. काउंटरवरची पोरगी म्हणाली, टू? मी म्हणालो, टू. नव्या खात्याला अर्धा तास लागला, नावाचं स्पेलिंग तीनदा चुकलं, सा.नं फोनवरून एकेक अक्षर सांगितलं. शेवटच्या अक्षराला तिचा आवाज हलला.

दादाला अजून सांगितलेलं नाही. दुबईला उतरलो की सांगेन. किंवा त्याला बँकेचा मेसेज आधी जाईल, कमी आकड्याचा. आई जेवली तर बरं.

बोर्डिंग लागलं. सावंत हाका मारतोय.

दादा, १०,०००.
सारिका, भाडं दोन महिन्यांचं आणि डिपॉझिट, १५,०००.