गीताचं पुस्तक

बाबा, प्रभूत सलाम.

गारखेड्यातून शेजारच्याच उस्मानपुऱ्याला कुणी पत्र टाकत नाही. मीही हे टाकणार नाही. तुम्हाला नात झाली, तिला आता दोन महिने झाले. नाव रिबका ठेवलंय.

मागच्या आठवड्यात लस टोचल्यावर तिला ताप आला. दुपारभर मी तिला खांद्यावर घेऊन घरात फिरत होतो. डॉक्टर म्हणाले उतरेल, आणि उतरलाही. पण तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, देवा, हिच्याऐवजी मला ने. सहा वर्षांत त्याच्याशी पहिल्यांदाच बोललो.

काल उत्तम शुक्रवार, येशूला क्रुसावर दिलं तो दिवस, म्हणून तिला घेऊन चर्चला गेलो आणि मागं बसलो. लहानपणापासून क्रुसाकडं बघितलं की मला मुलगाच दिसायचा. काल वाटलं, त्या वेळी त्याच्या बापाचं काय झालं असेल? हिच्या तापात मी ज्याला हाक मारली, तो मला तिथं ओळखीचा वाटला. मग तुमची आठवण आली.

सहा वर्षांपूर्वी वाळूजहून येताना अपघातात शांतवनदादा गेला. पुढच्याच रविवारी तुम्ही पहिल्या बाकापाशी उभं राहून गीत गायलात. आवाज जराही हलला नाही. बाहेर आल्यावर मी सगळ्यांसमोर म्हणालो, "या माणसाला काळीजच नाय." तुम्ही एवढंच म्हणालात, "घरी चल, लेकरा." मी आलो नाही.

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. त्या दिवशी तुमच्या हातातलं गीताचं पुस्तक उलटं होतं. ते मला तेव्हाच दिसलं होतं.

तुमचा उरलेला मुलगा,
शमुवेल