अक्काच्या हातची शिलाई

अक्का,

तू निपाणीहून येताना आणलेल्या गोधडीचा फोटो लावून मी इथे शहरात, एचएसआर भागातल्या घरून ऑनलाइन दुकान सुरू केलं. फोटोखाली लिहिलं, ‘माझ्या अक्काच्या हातची शिलाई’. गिऱ्हाइकांना मात्र मशीनवर शिवलेल्या गोधड्या पाठवत राहिले.

आज तुझीच ऑर्डर आली. सोबत निरोप होता, ‘वीणे, डोळ्यांमुळे मी तर सुई सोडली. मग माझ्या नावानं शिवतंय कोण गं? एक पाठव, चाचपून बघते.’

मशीनची गोधडी खोक्यात घालवेना. दुकानातला तो फोटो उतरवला आणि तुझीच गोधडी तुला परत पाठवतेय. हे पत्र मात्र सोबत ठेवायचा धीर होत नाही. टाक्यांवरून बोटं फिरवलीस की तुला सगळं कळेल.

तुझ्यापासून तोंड लपवणारी,
वीणा